पायथन स्क्रिप्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिकने चालवायची असेल तर

पायथन थोडंफार यायला लागलं की एखादी तरी स्क्रिप्ट अशी होतेच जी आपल्यापुरती झकास चालते, मग कोणीतरी ती बघतं आणि म्हणतं, "अरे हे मला पण दे ना." आणि इथे गाडी अडते, कारण द्यायचं म्हणजे नक्की काय द्यायचं? समोरच्याकडे पायथन नाही, टाकून घ्या म्हटलं तर घाबरतात, आणि टाकलंच तर पिप इन्स्टॉल करताना काहीतरी लाल अक्षरात येतं आणि आपल्याला फोन येतो.

मी एकच उदाहरण धरून सांगतो म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. स्पर्धा परीक्षांचे, बँक भरतीचे फॉर्म भरताना फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत असल्या अटी असतात आणि मोबाइलचा फोटो निघतो ४ एमबीचा. समजा ओळखीतल्या एक ताई आपले सरकार सेवा केंद्र चालवतात, दिवसभर त्यांच्याकडे हेच, आणि त्या दर वेळी जाहिरातींनी भरलेल्या कुठल्यातरी साइटवर लोकांचे फोटो चढवतात (आधार कार्ड पण चढवतात, त्यावर वेगळं बोलायला पाहिजे). तुमच्याकडे पिलो लायब्ररी वापरून लिहिलेली छोटी स्क्रिप्ट आहे, फोल्डरमधले सगळे फोटो ५० केबीच्या आत आणून ठेवते. ती ताईंना द्यायचीय, त्यांच्याकडे विंडोज आहे, डबल क्लिक केलं की चाललं पाहिजे, बस.

आता स्क्रिप्टची ईएक्सई करणं ही एका कमांडची गोष्ट आहे, यूट्यूबवर दोन मिनिटांच्या व्हिडिओत दाखवतात आणि ते खोटं नाही. पण वेळ जातो तो स्क्रिप्टला तुमच्या मशीनपासून सोडवण्यात. तुमच्या लॅपटॉपवर तिला खूप गोष्टी फुकट मिळत असतात, पायथन मिळतं, लायब्ऱ्या मिळतात, बरोबर फोल्डरमधून चालू होते, काही बिघडलं तर ओरडायला काळी विंडो (टर्मिनल) असते आणि ती विंडो वाचणारा माणूस, म्हणजे तुम्ही, समोर बसलेला असतो. ताईंकडे यातलं काहीच नाही. म्हणून ईएक्सईवर उडी मारायच्या आधी स्क्रिप्ट नीट करायची.

(कमांड आणि पर्याय मी इथे उच्चारतो तसे लिहिलेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि "हायफन हायफन" म्हणजे मध्ये स्पेस न देता दोन आडव्या रेघा.)

आधी स्क्रिप्टची साफसफाई

पहिलं म्हणजे पाथ. स्क्रिप्टमध्ये नुसतं "फोटोज" असं फोल्डरचं नाव लिहिलेलं असतं आणि ते चालतं कारण तुम्ही टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडलेलं असतं. ईएक्सई डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून चालू झाली, टास्कबारवरून झाली, कशी झाली त्यावर करंट फोल्डर बदलतो, त्याच्यावर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. तीन प्रकारच्या फाइल असतात आणि तिघींची घरं वेगळी. प्रोग्रामसोबत येणाऱ्या फाइल, म्हणजे आयकॉन, लोगो, एखादा टेम्प्लेट, या डंडर फाइलच्या (फाइल या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर, त्यात स्क्रिप्टचा स्वतःचा पाथ असतो) पॅरेंटपासून, म्हणजे स्क्रिप्टच्या फोल्डरपासून शोधायच्या, पायथनसोबतची पाथलिब वापरा, पॅक झाल्यावरही हा पाथ बरोबर लागतो. वापरणाऱ्याच्या फाइल जिथे असतील तिथे, आणि निकाल त्यांच्या शेजारीच, मूळ फोटोच्या फोल्डरमध्ये "छोटे" नावाचा फोल्डर करून त्यात टाकायचे, मूळ फोटोला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आणि तिसरं, सेटिंग आणि लॉग, हे लोकल ॲप डेटामध्ये (प्रोग्रामच्या फाइल ठेवायला विंडोज प्रत्येक युजरला देतं तो फोल्डर) स्वतःच्या नावाचा फोल्डर करून. प्रोग्रामच्या शेजारी लॉग लिहिला की तुमच्याकडे चालतं आणि कोणी प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलं की परमिशन डिनाइड येतं, कारण साध्या युजरला तिथे लिहायची परवानगीच नसते.

दुसरं, एन्कोडिंग, आणि मराठी माणसाने तर हे आधी बघायचं. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन सिस्टिमचं जुनं कोडपेज धरतं, त्यात देवनागरी नाही, म्हणजे "सुनीता_सही" असं नाव लॉगमध्ये लिहायला गेलात की युनिकोड एन्कोड एरर येऊन सगळं बंद. प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ ८ द्या, विसरायचं नाही. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणार असेल तर यूटीएफ ८ सिग द्या, नाहीतर एक्सेलमध्ये डबल क्लिक केल्यावर मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतात आणि लोक म्हणतात तुमचं सॉफ्टवेअर खराब आहे. आणि टेस्ट करताना फोल्डरचं नाव मुद्दाम मराठीत, मध्ये स्पेस टाकून ठेवा, "नवीन फोटो जून" असं काहीतरी, कारण ताई तसंच ठेवणार.

तिसरं, इनपुट आणि प्रिंट. काळी विंडो काढून टाकली की इनपुट फंक्शन थेट एरर देतं कारण टाइप करायला जागाच नसते. प्रिंट गप्प राहतं, काही दाखवत नाही, पण सिस डॉट एसटीडीआउट (प्रिंट जिथे लिहितं ती जागा) त्या वेळी नन, म्हणजे रिकामं असतं, म्हणजे तुमच्या किंवा एखाद्या लायब्ररीच्या कोडने थेट त्याच्यावर राइट केलं तर तिथे फुटतं. टर्मिनलमधला प्रोग्रेस बार दाखवणाऱ्या लायब्ऱ्या इथे हमखास अडकतात, त्या काढा.

या उदाहरणापुरत्या पिलोच्या दोन-तीन गोष्टी पण सांगून ठेवतो कारण खऱ्या लोकांचे खरे फोटो आले की या लागतातच. मोबाइलचे फोटो आडवे पडतात, कारण फोटो फिरवलाय ही माहिती एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या तपशिलात) असते आणि सेव्ह करताना ती गळते, त्यासाठी इमेज ऑप्समधलं एक्झिफ ट्रान्सपोज आधी लावा. पीएनजी पारदर्शक असेल तर जेपेग म्हणून सेव्ह होत नाही, आरजीबीमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, आणि सहीचा पीएनजी असेल तर आधी पांढऱ्या पार्श्वभूमीवर चिकटवा नाहीतर काळ्यावर काळी सही होते. आयफोनचे एचईआयसी फोटो पिलो स्वतःहून उघडत नाही, त्याला पिलो एचईआयएफ हे वेगळं पॅकेज लागतं. आणि ५० केबीत बसवायला क्वालिटी ९० पासून पाच-पाचने खाली आणत बघायचं, ३० च्या खाली गेलं तर क्वालिटी अजून मारण्यापेक्षा फोटोची लांबी-रुंदी कमी करा, चेहरा ओळखू आला पाहिजे ना.

विंडो खरंच हवी का

बरेच जण इथे लगेच मोठी खिडकी, बटणं, मेनू, लॉगिन पेज असं करायला घेतात. थांबा जरा. विंडोजवर एखाद्या ईएक्सईच्या आयकॉनवर फाइल किंवा फोल्डर ओढून सोडलं की त्याचा पूर्ण पाथ प्रोग्रामला सिस डॉट एआरजीव्हीमध्ये मिळतो, पहिला घटक स्वतः प्रोग्राम, त्यानंतरचे सगळे सोडलेले. म्हणजे कसलीही विंडो न लिहिता ताई फोल्डर ओढून आयकॉनवर टाकतील आणि काम होईल. याहून सोपं हवं असेल तर विंडोज की आणि आर दाबून शेल कोलन सेंडटू टाइप करा, जो फोल्डर उघडेल त्यात ईएक्सईचा शॉर्टकट "फोटो ५० केबी" या नावाने ठेवा, मग कुठल्याही फोटोवर राइट क्लिक करून सेंड टूमध्ये तो दिसतो (विंडोज ११ मध्ये आधी शो मोअर ऑप्शन्स दाबावं लागतं). मला विचाराल तर निम्म्या स्क्रिप्टला एवढंच पुरतं, शेवटी एक छोटा मेसेज बॉक्स दाखवायचा, "१२ फोटो झाले, २ उघडले नाहीत", आणि त्या दोघांची नावं. फक्त शेकडो फाइल एकदम ओढू देऊ नका, कमांड लाइन किती लांब असावी याला विंडोजची मर्यादा आहे, अख्खा फोल्डरच ओढा म्हणून सांगा.

विंडो करायचीच असेल, म्हणजे ५० की २० की १०० केबी हे निवडायला द्यायचं असेल, तर टीकेइंटर (विंडो आणि बटणं करायची लायब्ररी) बस झालं. पायथनसोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल नको, पॅकिंगमध्ये त्रास नाही. दिसायला साधं आहे पण त्यातल्याच टीटीकेची बटणं वापरली तर विंडोजवर बरं दिसतं. फाइल डायलॉग त्याचाच वापरा, तो खरा विंडोजचा डायलॉग असतो, लोकांच्या ओळखीचा. मराठी लेबलसाठी फॉन्ट निर्मला यूआय द्या, विंडोज ८ पासून येतो, जोडाक्षरं नीट येतात. मोठ्या रेझोल्युशनच्या स्क्रीनवर अक्षरं धुरकट दिसली तर विंडो तयार करायच्या आधी सीटाइप्स वापरून शेल कोअरमधलं सेट प्रोसेस डीपीआय अवेअरनेस १ करून टाका, एका ओळीचं काम आहे. पण विंडोत फोटो ओढून टाकायची सोय टीकेइंटरमध्ये मुळात नाही, त्याला वेगळं पॅकेज लागतं, ते नंतर हवं तर बघा.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून नीट करा, बटण दाबल्यावर २०० फोटोंचं काम तिथल्या तिथे सुरू केलं तर विंडो गोठते, वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं आणि माणूस ती बंद करतो, काम अर्धवट. काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे विंडोला न अडवता बाजूने चालेल असं टाका. पण त्या थ्रेडमधून थेट लेबल बदलायला जाऊ नका, टीकेइंटरला हात मुख्य थ्रेडनेच लावायचा, थ्रेडने क्यूमध्ये निरोप टाकायचा आणि मुख्य बाजूने आफ्टर वापरून दर १०० मिलिसेकंदाला क्यू बघून प्रोग्रेस पुढे सरकवायचा. सुरुवातीला किचकट वाटतं, एकदा लिहिलं की पुढच्या प्रत्येक प्रोग्रामला तेच कॉपी पेस्ट.

चूक झाली तर ती दिसणार कुठे

हा भाग लोक हमखास सोडून देतात आणि नंतर पस्तावतात. काळी विंडो गेली की ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठल्या ओळीत झाली ते सांगणारा मजकूर, पण गेला. ताईंचा फोन येतो, "दादा, ते बंद पडलं." काय झालं? "काही नाही, बंद पडलं." आता यातून काय शोधणार.

लॉगिंग मॉड्यूल लावा, रोटेटिंग फाइल हँडलर घ्या म्हणजे फाइल फुगत नाही, लोकल ॲप डेटामध्ये लिहा. सिस डॉट एक्सेप्टहुक बदलून न पकडलेली प्रत्येक एरर लॉगमध्ये जाईल असं करा. पण एवढ्याने भागत नाही, टीकेइंटरच्या बटणामागे जे फंक्शन असतं त्यात फुटलेली एरर एक्सेप्टहुकपर्यंत पोचतच नाही, टीकेइंटर ती मध्येच पकडतं आणि एसटीडीएररवर छापून मोकळं होतं, आणि एसटीडीएरर तर आपण घालवलेलं, म्हणजे बटण दाबलं की काहीच होत नाही आणि कुठे खूणही नाही. त्यासाठी मुख्य विंडोचं रिपोर्ट कॉलबॅक एक्सेप्शन हे आपल्या फंक्शनने बदलायचं. थ्रेडसाठी थ्रेडिंग डॉट एक्सेप्टहुक, ते तिसरं. तिन्हीकडून एकाच फंक्शनकडे आणा, ते लॉग लिहील आणि मराठीत एक साधा मेसेज दाखवेल. आणि विंडोच्या कोपऱ्यात "लॉग फोल्डर उघडा" असं बटण ठेवा, ॲप डेटा हा लपवलेला फोल्डर असतो, फोनवरून कोणाला तिथपर्यंत न्यायचं म्हणजे अर्धा तास गेलाच.

आता पॅकिंग

स्क्रिप्टची ईएक्सई करायला पायइन्स्टॉलर हे टूल वापरूया. पर्याय आहेत, सीएक्स फ्रीझ आहे, ब्रीफकेस आहे, नुइटका आहे जे पायथनचं सी करून खरं कंपाइल करतं, पण त्याला सी कंपायलर लागतो आणि वेळही बराच घेतं. पहिल्यांदा करताय तर पायइन्स्टॉलरच.

नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोजेक्टपुरतं वेगळं, कोरं पायथन) करा आणि त्यात लागतं तेवढंच टाका, इथे पिलो आणि पायइन्स्टॉलर, संपलं. रोजच्या पायथनमधून किंवा अ‍ॅनाकोंडामधून बिल्ड केलं की नको त्या लायब्ऱ्या आत ओढल्या जातात, पांडाज आणि नम्पाय शिरले की फोटो छोटा करणारा प्रोग्राम स्वतःच शेकडो एमबीचा, बघणाऱ्याला हसू येईल.

मग पायथन हायफन एम पायइन्स्टॉलर आणि पुढे स्क्रिप्टचं नाव (या पद्धतीने लिहिताना पायइन्स्टॉलरमधला पी आणि आय कॅपिटल). पहिलं बिल्ड काळ्या विंडोसकट करा, कुठलाच पर्याय न देता. बिल्ड आणि डिस्ट असे दोन फोल्डर तयार होतात आणि एक स्पेक फाइल. डिस्टमधलं आपलं, बिल्डमधलं कोणाला द्यायचं नाही, तिथली ईएक्सई अर्धवट असते आणि नवखे लोक नेमकी तीच उचलतात. टर्मिनल उघडून डिस्टमधली ईएक्सई तिथून चालवा, काही राहिलं असेल तर एरर समोर दिसेल. मॉड्यूल नॉट फाउंड आलं तर हायफन हायफन हिडन इम्पोर्ट आणि त्या मॉड्यूलचं नाव, कारण नाव आयत्या वेळी ठरवून इम्पोर्ट करणारा कोड पायइन्स्टॉलरला दिसत नाही. बिल्ड फोल्डरमध्ये वॉर्नने सुरू होणारी टेक्स्ट फाइल असते, त्यात सापडली नाहीत अशा मॉड्यूलची यादी असते, लांबलचक बघून घाबरू नका, बहुतेक लिनक्स-मॅकची असतात.

सगळं चाललं की मग हायफन हायफन विंडोड लावा, हायफन हायफन नेम देऊन नाव द्या, हायफन हायफन आयकॉन देऊन आयसीओ फाइल द्या. आयकॉन बदलूनही जुनाच दिसत असेल तर तो विंडोजचा आयकॉन कॅश असतो, फाइलचं नाव बदलून बघा. सोबतच्या फाइलसाठी हायफन हायफन ॲड डेटा, त्यात मूळ जागा, अर्धविराम, आणि आतली जागा, मॅक-लिनक्सवर अर्धविरामाच्या जागी कोलन. एवढं सगळं दर वेळी टाइप करत बसू नका, पहिल्या बिल्डनंतर ते स्पेक फाइलमध्ये लिहिलेलं असतं, पुढच्या वेळी स्क्रिप्टच्या ऐवजी स्पेक फाइलचं नाव द्यायचं. स्पेकमध्ये हाताने बदल केलेत आणि परत स्क्रिप्टचं नाव देऊन बिल्ड केलंत तर ती नव्याने लिहिली जाते आणि तुमचे बदल गेले.

मल्टिप्रोसेसिंग वापरत असाल तर मुख्य भागाच्या पहिल्याच ओळीला फ्रीझ सपोर्ट हे फंक्शन बोलवा. नाही बोलवलं तर विंडोजवर प्रोग्राम स्वतःच्याच नव्या नव्या कॉपी उघडत सुटतो, स्क्रीन भरून खिडक्या. आणि आतून एफएफएमपेगसारखं (व्हिडिओ-ऑडिओ बदलणारं टूल) दुसरं काही चालवत असाल तर सबप्रोसेसला क्रिएट नो विंडो हा फ्लॅग द्या, नाहीतर दर फाइलमागे काळी विंडो लुकलुकते.

एक फाइल की फोल्डर, हा मोठा वादाचा मुद्दा. हायफन हायफन वनफाइल दिलं की एकच ईएक्सई मिळते आणि सगळ्यांना तेच हवं असतं. पण ती एक फाइल म्हणजे बांधलेला जेवणाचा डबा आहे, दर वेळी जेवायला बसलं की उघडून सगळं ताटात मांडायचं आणि झालं की परत आवरायचं. म्हणजे दर वेळी चालू करताना ती स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये अंडरस्कोर एमईआयने सुरू होणाऱ्या नावाखाली उलगडते, तिथून चालते आणि बंद होताना पुसून टाकते. त्यामुळे चालू व्हायला वेळ लागतो, जुन्या हार्ड डिस्कच्या पीसीवर तर डबल क्लिक केल्यावर काहीच होत नाही असं वाटून लोक अजून तीनदा क्लिक करतात आणि मग चार विंडो उघडतात. टास्क मॅनेजरमधून मारलं तर टेम्पमधला कचरा तसाच राहतो. माझं मत विचाराल तर फोल्डरवालं, म्हणजे जे काही पर्याय न देता होतं तेच, चांगलं. आवृत्ती ६ पासून पायइन्स्टॉलर बाकी सगळा पसारा अंडरस्कोर इंटर्नल नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये ठेवतो, बाहेर फक्त ईएक्सई दिसते, तेव्हा पूर्वीसारखा गोंधळ होत नाही. फक्त लोकांना सांगा की ईएक्सई एकटी उचलून डेस्कटॉपवर आणायची नाही, शॉर्टकट करायचा.

आणि हो, ईएक्सई केली म्हणजे कोड लपला असं समजू नका. आतला बाइटकोड (पायथनने तुमच्या कोडचं केलेलं रूप) काढून देणारी टूल फुकट मिळतात, पायइन्स्टॉलरमध्ये पूर्वी की देऊन एन्क्रिप्ट करायचा पर्याय होता तोही आवृत्ती ६ मध्ये काढून टाकलाय. पासवर्ड, एपीआय की असलं काही आत ठेवायचं नाही.

विंडोजवरची ईएक्सई विंडोजवरच बनते, मॅकची मॅकवर, हे पण लक्षात ठेवा, लिनक्सवर बसून विंडोजची ईएक्सई पायइन्स्टॉलर करून देत नाही. आणि समोर विंडोज ७ चा पीसी असेल, जे आपल्याकडे अजून बऱ्याच केंद्रांत आणि ऑफिसांत दिसतं, तर पायथन ३.८ वर बिल्ड करा, ३.९ पासून विंडोज ७ चालत नाही. ३२ बिट विंडोज असेल तर ३२ बिटचं पायथन घेऊन बिल्ड. हे आधी फोनवर विचारून घ्या, नंतर नको.

शेवटी ज्या मशीनवर पायथन नाही तिथे चालवून बघा. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करता येतो, दर वेळी कोरं विंडोज मिळतं, बंद केलं की सगळं गायब. होम असेल तर कोणाचा तरी लॅपटॉप मागा. स्वतःच्या लॅपटॉपवर चाललं याला काही अर्थ नाही.

अँटीव्हायरस आणि ती निळी खिडकी

पायइन्स्टॉलरच्या ईएक्सईला अँटीव्हायरस अनेकदा व्हायरस म्हणतो. कारण असं की प्रत्येक ईएक्सईच्या तोंडाशी पायइन्स्टॉलरचा बूटलोडर (तुमचा प्रोग्राम चालू करून देणारा छोटा भाग) सारखाच असतो, व्हायरस लिहिणारेही तोच वापरतात, त्यामुळे त्यांच्यासोबत तुमची पण वरात निघते. वनफाइलवर हे जास्त होतं कारण टेम्पमध्ये फाइल उलगडून चालवणं हे वागणंच संशयास्पद. फोल्डरवालं बिल्ड करा, हायफन हायफन नो यूपीएक्स द्या (म्हणजे यूपीएक्स या टूलने फाइल दाबून छोट्या केल्या जात नाहीत), पायइन्स्टॉलर ताजा ठेवा, यानेच बराच फरक पडतो. तरी राहिलं तर बूटलोडर स्वतः सोर्सवरून कंपाइल करता येतो, आणि डिफेंडरसाठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फाइल पाठवून ही चुकीची पकड आहे असं कळवता येतं. "अँटीव्हायरस बंद करून चालवा" हे मात्र कोणाला सांगू नका, ज्या पीसीवर लोकांची कागदपत्रं आहेत तिथे तर मुळीच नाही.

निळी खिडकी वेगळी, ती स्मार्टस्क्रीनची. इंटरनेटवरून आलेली, सही नसलेली, फार कोणी न वापरलेली फाइल आहे एवढंच ती सांगते. मोर इन्फो दाबलं की रन एनीवे येतं. झिप पाठवत असाल तर उलगडायच्या आधी झिपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकला टिक, मग आतल्या फाइलवर तो शिक्का येत नाही. विंडोज ११ मध्ये स्मार्ट ॲप कंट्रोल चालू असेल तर रन एनीवे हा पर्यायच नसतो, सरळ अडवतं. पक्का उपाय म्हणजे कोड सायनिंग सर्टिफिकेट, पण त्याला दरवर्षी पैसे, आणि जून २०२३ पासून त्याची खासगी की हार्डवेअर टोकनवर किंवा तसल्याच सुरक्षित उपकरणात ठेवणं सक्तीचं आहे. विकायचं सॉफ्टवेअर असेल तर घ्या, ताईंच्या एका केंद्रासाठी नको.

पाठवताना जीमेलवर अवलंबून राहू नका, ईएक्सई जोडू देत नाही आणि झिपमध्ये घातली तरी आत बघून अडवतं. ड्राइव्हची लिंक द्या नाहीतर पेनड्राइव्ह.

दोन-चार लोकांना द्यायचं असेल तर झिप पुरे. जास्त असतील तर इनो सेटअप घ्या, फुकट आहे, विझार्ड प्रश्न विचारून स्क्रिप्ट लिहून देतो, स्टार्ट मेनूत नाव, डेस्कटॉपवर आयकॉन, काढून टाकायची सोय सगळं येतं. त्यात प्रिव्हिलेजेस रिक्वायर्ड समोर लोएस्ट लिहा, मग त्या युजरपुरतं इन्स्टॉल होतं आणि ॲडमिनचा पासवर्ड मागत नाही, ऑफिसातल्या पीसीवर हा पासवर्ड कोणाकडे असतो ते कोणालाच माहीत नसतं. ॲप आयडी एकदा दिला की बदलू नका, म्हणजे नवी आवृत्ती जुन्यावरच बसते. आणि आवृत्तीचा आकडा विंडोच्या टायटलमध्ये दिसू द्या, "ताई, वर काय लिहिलंय वाचा" म्हटलं की समजलं पाहिजे जुनंच चालवतायत का.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी थोडं

मॅकवर पायइन्स्टॉलर चालतोच, विंडोड दिलं की ॲप बंडल मिळतो. पण तुमची शेल, पर्ल नाहीतर पायथनची साधी स्क्रिप्ट असेल तर प्लॅटिपस बघा, फुकट आणि ओपन सोर्स, खूप वर्षं चालू असलेलं टूल आहे. स्क्रिप्ट द्यायची, ती कशी दिसावी ते निवडायचं, नुसता प्रोग्रेस बार, टेक्स्ट विंडो, वरच्या पट्टीतला मेनू, किंवा ड्रॉपलेट म्हणजे फाइल ओढून टाकायची जागा, आणि ॲप तयार. स्क्रिप्टने प्रोग्रेस, कोलन आणि आकडा अशी ओळ छापली की बार पुढे सरकतो, कसलं जीयूआय शिकायला नको. फक्त तो इंटरप्रिटर आत बांधत नाही, समोरच्या मॅकवर पायथन असायला लागतं, आणि मॅकओएस १२.३ पासून ॲपलने सोबतचं पायथन २ काढून टाकलंय. दुसरा खड्डा पाथचा (इथे पाथ म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी), फाइंडरमधून उघडलेल्या ॲपला तुमच्या टर्मिनलमधला पाथ मिळत नाही, होमब्रूने टाकलेलं टूल टर्मिनलमध्ये चालतं आणि ॲपमध्ये कमांड नॉट फाउंड, म्हणून पूर्ण पाथ लिहा. नोटरायझेशनसाठी (ॲप ॲपलकडून तपासून घेणं) ॲपलचं वर्षाला ९९ डॉलरचं सदस्यत्व लागतं, ते नसेल तर मॅकओएस १५ पासून राइट क्लिक करून ओपन ही जुनी पळवाट बंद झालीय, सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन ओपन एनीवे दाबावं लागतं.

लिनक्सवर बहुतेक वेळा पॅकिंगची गरजही नसते, होममधल्या डॉट लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्समध्ये एक डेस्कटॉप फाइल टाकली, त्यात एक्झेक, आयकॉन आणि टर्मिनल फॉल्स लिहिलं की मेनूत येतं, आणि नेमच्या पुढे चौकटी कंसात एमआर लिहून मराठी नाव दिलं तर डेस्कटॉप मराठीत असलेल्याला तेच दिसतं. पायइन्स्टॉलरने बिल्ड करणार असाल तर जेवढ्या जुन्या डिस्ट्रोवर द्यायचंय तेवढ्या जुन्यावर बिल्ड करा, नव्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बनलेलं जुन्यावर चालत नाही. आणि टीकेइंटरची मराठी लेबलं लिनक्सवर तपासून बघा, टीके ८.६ तिथे जोडाक्षरं नीट जुळवत नाही, "प्रक्रिया" लिहिलं की पाय मोडल्यासारखं दिसतं, तिथे मराठी हवंच असेल तर पायसाइड ६ कडे (क्यूटी ही विंडो करायची लायब्ररी पायथनमधून वापरू देणारं पॅकेज) वळा, क्यूटीमध्ये देवनागरी व्यवस्थित येते, बिल्डचा आकार मात्र चांगलाच वाढतो.